मिशा कोणाच्या?

परवा मावसबहिणीचा फोन आला. "अगं, ह्यांच्या ऑफिसातले एक जण रिटायर होतायत. तुझ्याकडे एखादं जेंट्स कार्ड तयार असेल ना?"

जेंट्स कार्ड! जेंट्स पार्लर, जेंट्स रुमाल, जेंट्स सायकल असतात तसं जेंट्स कार्ड. मी म्हटलं, करून देते, पण ते गृहस्थ करतात काय, त्यांना आवडतं काय, ते सांग. पलीकडे शांतता. मग म्हणाली, "आता ते मला काय माहीत? जेंट्सचं असतं ना तसलं, मिशाबिशावालं..."

तेव्हापासून डोकं तापलंय. त्यात अकोल्याचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, शाईचे पॅड डबीतल्या डबीत वाळून जातायत (उलटे करून ठेवा, शाई वर येते), त्यामुळे आज जरा रागातच लिहितेय. समजून घ्या.

मी हातानं कार्डं करते हे इथं येणाऱ्या नातेवाइकांना ठाऊकच आहे. बहुतेकांच्या कपाटात एखादं पडून असेल. जाड कागद, रबरी किंवा लाकडी ठसे, शाईचे पॅड, कटर आणि दुपारची रिकामी खोली एवढं भांडवल. बायकांसाठी करायचं तर ठशांना तोटा नाही. फुलं, पानं, फुलपाखरं, पक्षी, कपबश्या, खिडक्या, जाळ्या, वेलबुट्ट्या. आणि पुरुषांसाठी? ठशांचा तयार संच विकत घ्यायला जा. 'मॅस्क्युलिन' असं लिहिलेल्या पाकिटात हमखास काय निघतं, तर मिशा, बो-टाय, नेकटाय, गोल हॅट, चिरूट, जुनी मोटार, दातेरी चाकं, बिअरचा मग, गोल्फची काठी आणि मासेमारीचा गळ. रंग तपकिरी, करडा, निळा. संपला पुरुष.

मला सांगा, अकोल्यात गोल्फ कोण खेळतं? आणि गळ टाकायचा कुठे, मोर्णेत? २०१८ साली सारं गाव नदीत उतरलं, जलपर्णी काढली, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये कौतुक केलं, ते सगळं खरं. पण त्या नदीत गळ टाकून बसलेला आणि वर त्याचं कार्ड मिळालेला एकही काका माझ्या पाहण्यात नाही.

हा सरंजाम आला कुठून तेही बघा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावात सोनोरा डॉड नावाच्या बाईनं १९१० साली फादर्स डे साजरा करायला लावला. आईच्या दिवसाला तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी १९१४ सालीच मान्यता दिली. बापाच्या दिवसाचा कायदा व्हायला १९७२ उजाडलं. मधल्या काळात हा दिवस जगवला कोणी? १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या पुरुषी कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी. म्हणजे टाय विकणाऱ्यांनी! बापाच्या कार्डावर टाय का असतो ते आता कळलं ना? मिशांची साथ अलीकडची. २००३ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला काही मित्रांनी नोव्हेंबरात मिशा वाढवायची टूम काढली, पुढे ती पुरुषांच्या आजारांसाठी निधी गोळा करायची मोहीम झाली. काम चांगलंच. पण त्या मिशा उडत उडत माझ्या टेबलावरच्या संचात येऊन बसल्या आणि मी त्या डोळे मिटून उचलल्या.

हो, मीही. म्हणूनच तर एवढी चिडलेय.

बाबांच्या पंचाहत्तरीला मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी कार्ड केलं. नवा कोरा संच आणला होता. करड्या कागदावर काळ्या शाईत भरघोस पिळदार मिशा, खाली बो-टाय, आणि चंदेरी पावडर टाकून गरम हवेनं फुगवलेली अक्षरं. मला तर ते फारच झकास वाटलं होतं. बाबांनी चष्मा लावला, कार्ड लांब धरलं, जवळ धरलं, आणि अगदी सरळपणे विचारलं, "ह्या मिशा कोणाच्या?"

बाबा आयुष्यभर सफाचट. रोज सकाळी अंगणात आरसा टांगून दाढी करायचे. टाय त्यांनी लग्नातसुद्धा बांधला नव्हता. सगळे खूप हसले, मीही हसले, बाबाही हसले. कार्ड टीव्हीवर ठेवलं गेलं. पुढच्या वर्षी बाबा गेले. त्यांच्यासाठी मी केलेलं ते एकच कार्ड, आणि त्यावर दुसऱ्याच कुणाच्या तरी मिशा!

आणि आता खरं सांगायची गोष्ट. बाबा सरकारी कचेरीत आवक-जावकला होते. आवक-जावकचं काम म्हणजे काय? शिक्के मारणं. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का, गोल शिक्का, नोंदवहीत नंबर. तारखेच्या शिक्क्याला रबरी पट्टे असतात, रोज सकाळी ते फिरवून दिवस बदलायचा. एक जानेवारीला साल बदलताना बाबा आम्हाला घरी सांगायचे, आज पट्टा फिरवला. त्यांच्या उजव्या अंगठ्यावरची जांभळी शाई रविवारीसुद्धा पूर्ण जात नसे. ज्या माणसानं तीस-पस्तीस वर्षं शिक्के मारले त्याच्या कार्डावर मारायला मला शिक्का सुचला नाही. मिशा सुचल्या.

तेव्हा "पुरुषांसाठी काय करायचं सुचतच नाही" असं कोणी म्हणालं की मला आधी स्वतःचाच राग येतो, आणि मग बोलणाऱ्याचा. सुचत नाही कारण आपण त्यांच्याकडे बघितलेलं नसतं. आईच्या साडीच्या काठावरची बुट्टी आपल्याला डोळे मिटून काढता येईल. बाबांच्या सायकलच्या घंटीवर काय होतं ते आठवतं का?

आता पुढचा युक्तिवाद. हा मला घरातूनच ऐकवला जातो, त्यातही बायकांकडून जास्त. "पुरुषांना कार्डांचं काही नसतं गं. त्यांना कशाला हवंय?"

कशाला हवंय? जरा टॉवर चौकापर्यंत जाऊन या. या देशातली सर्वांत मोठी शुभेच्छापत्रं पुरुषांनाच मिळतात! दहा बाय वीस फुटांची. भाऊंना, दादांना, साहेबांना, वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. गॉगल लावलेला, मोबाईल कानाला लावलेला सत्कारमूर्ती मध्यभागी, आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे चाळीस-पन्नास. उच्च न्यायालयानं कितीदा कान उपटले, तरी रात्रीतून उभे राहतात. मग पुरुषांना नको असतं म्हणजे नेमकं काय नको असतं? ज्याच्याकडून काही काम करून घ्यायचंय त्याला वीस फुटी कार्ड, आणि ज्यानं आपली सगळी कामं निमूटपणे केली त्याला एक नारळ.

नारळावरून आठवलं. आपल्याकडे पुरुषाचा मान करायचा म्हणजे शाल-श्रीफळ नाहीतर टॉवेल-टोपी. लग्नात व्याह्यांना मिळालेली टोपी पुढच्या लग्नात दुसऱ्या व्याह्यांच्या डोक्यावर, तिथून तिसऱ्या. आमच्या घरी एक शाल अशी आहे की ती निदान चौथ्या सत्काराला तरी निघाली असेल, घडीसुद्धा मोडलेली नाही. त्यावर कोणाचं नाव नसतं म्हणूनच ती फिरते. कार्ड असं फिरवता येत नाही. त्यावर नाव असतं, आणि ते ज्याचं त्याचंच राहतं.

आणि राखी? दर श्रावणात आपण भावांना काय पाठवतो? पाकिटात राखी, कागदाच्या पुडीत कुंकू-अक्षता आणि चार ओळींची चिठ्ठी. पोस्ट खात्यानं त्यासाठी पावसात न भिजणारी खास पाकिटं काढली. हे पुरुषासाठी हातानं केलेलं शुभेच्छापत्रच झालं की! माझा भाऊ पुण्याला असतो, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि राखीचा धागा रंग उडून पांढरा होईपर्यंत मनगटावरून काढत नाही. त्याला विचारा "तुला असल्या गोष्टींचं काही असतं का रे?" छे, अजिबात नाही म्हणेल. तिळगुळाचंही तेच. आमच्या लहानपणी संक्रांतीला पाकिटात चार दाणे हलवा घालून कार्डं जायची, काकांना, मामांना, आत्याच्या यजमानांना. दिवाळीची कार्डं बुकपोस्टनं, झाकण आत खोचून, न चिकटवता, म्हणजे तिकीट कमी लागे. घरी आलेली कार्डं दोऱ्यावर ओळीनं टांगायचं काम बाबांचं असायचं. त्यातलं कोणाचं आलं नाही हेही त्यांनाच आधी कळायचं. कोणाला कशाचं काय असतं ते असं दिसतं. विचारून नाही कळत.

बाजारातली कार्डं मग भरपूर झाली. आर्चीज १९७९ साली दिल्लीत सुरू झालं आणि माझ्या कॉलेजच्या वयापर्यंत ते लोण अकोल्यात पोचलं होतं. त्या दुकानात 'फॉर हिम'चा एक कप्पा असायचा. त्यातला 'हिम' कायम समुद्रकिनारी पाठमोरा उभा असायचा. आमच्याकडून समुद्र सहाशे किलोमीटर! असो.

तिसरा मुद्दा ऐकून तर मला हसावं की रडावं कळत नाही. ठसे मारणं, रंगवणं, चिकटवणं हा म्हणे बायकी उद्योग, पुरुषांना असलं काही दिलं की ते अवघडतात.

बायकी? शिक्का आपल्याकडे होता कोणाचा? जुन्या मराठी पत्रांत माथ्यावर मुद्रा असायची आणि मजकूर संपला तिथं मोर्तब, म्हणजे त्याखाली कोणी आणखी चार ओळी घुसडू नयेत. शिक्कामोर्तब हा शब्द तिथूनच आला. सगळा पुरुषांचा कारभार. कापडावर छपाईचे सागवानी ठसे कोरण्यासाठी गुजरातमधलं पेथापूर प्रसिद्ध, तिथले कोरणारे पिढ्यानपिढ्या पुरुष. हातकागदाचं गाव म्हणून ओळखलं जाणारं दौलताबादजवळचं कागझीपुरा, तिथले कागझीही पुरुषच. आणि लोकांना धाडायचं छापील ख्रिसमस कार्ड काढलं ते १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल या गृहस्थांनी. कारण काय? आलेल्या पत्रांना उत्तरं लिहायला वेळ नव्हता! हॉर्सली नावाच्या चित्रकार मित्राकडून चित्र काढून घेतलं, हजारभर प्रती छापल्या, उरलेल्या एकेक शिलिंगला विकायला काढल्या. बायकी उद्योग म्हणे.

एवढं लांब कशाला जायचं. पोळ्याला (आमच्याकडे 'पोया') या. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तुपा-हळदीनं मळायचे आणि त्याच्या कानात आवतन द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी बैल धुऊन, शिंगं रंगवून, अंगावर गेरूचे ठप्पे. माझे मामा वाटीचा काठ रंगात बुडवून पांढऱ्या बैलाच्या पाठीवर गोल उठवायचे, दोन गोलांत सारखं अंतर राहावं म्हणून एक डोळा मिटून बघायचे. आम्हा पोरींना हात लावू देत नसत, बिघडेल म्हणून! बैल हलला आणि ठप्पा फाकला तर अख्खा दिवस त्यांचा मूड जायचा. हे मामा पुढे मला म्हणाले, "तुमचं ते कार्ड-फार्ड आपल्याले समजत नाई बाप्पा." मामा, तुमच्याकडूनच शिकले की हो!

नाहीतर श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची कावड बघा. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी पायी आणून राजराजेश्वराला घालायचं. त्या कावडी, त्या पालख्या सजवायला गल्लीगल्लीतली पोरं रात्र रात्र जागतात. झुरमुळ्या, थर्माकोल, रंगीत कागद, हारांची गुंफण. कोणी त्यांना बायकी म्हणून बघा.

थोडक्यात, हात सगळ्यांचेच चालतात. टेबलावर बसून, लहान कागदावर, एका माणसासाठी केलं की मात्र ते बायकी ठरतं.

आता माझ्या बाजूच्या मंडळींशी भांडते. म्हणजे कार्डं करणाऱ्या मैत्रिणींशी. तुमच्यातला एक गट हल्ली म्हणायला लागलाय की पुरुषाच्या कार्डावर फूल नको, गुलाबी नको, लेस नको, 'क्लीन' ठेवा. का म्हणून? आपल्या लग्नात नवरदेवाच्या कपाळावर मुंडावळ्या असतात, गळ्यात हार असतो, कानात अत्तराचा फाया असतो, आणि वऱ्हाडातले सगळे काका-मामा गुलाबी फेटे बांधून फोटोला उभे राहतात. त्या दिवशी गुलाबी चालतो आणि माझ्या कार्डावर चालत नाही?

आणि फूलच म्हणाल तर आमच्याकडे एक फूल असं आहे की त्यापायी पुरुषांनी जन्म घालवले. पऱ्हाटीचं फूल. अमेरिकन जातीच्या कपाशीचं फूल पहिल्या दिवशी दुधाळ पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. देशी कपाशीचं पिवळं. कापसाचं गाव म्हणून आम्ही मिरवतो, १९६९ पासून इथं कृषी विद्यापीठ आहे, कपाशीच्या वाणावर वाण निघाले, पण ठशांच्या कुठल्याही संचात कपाशीचं फूल मला मिळालेलं नाही. चेरीची फुलं मिळतात, चार-पाच प्रकारची! मी शेवटी खोडरबरावर कोरलं. साधं पांढरं खोडरबर, ब्लेडचा तुकडा. चित्र आधी ट्रेसिंग पेपरवर शिसपेन्सिलीनं गिरवायचं, मग तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखानं घासायचा, म्हणजे चित्र आपोआप उलटं उमटतं आणि छापलं की सुलटं येतं. अक्षर कोरायचं असेल तर ही युक्ती पाहिजेच, नाहीतर 'बाबा' उलटे होतात. पाकळ्या जाड ठेवायच्या. हातकागद खरबरीत असतो, त्यावर बारीक रेघ उठत नाही. पहिल्या दिवसाचं फूल पांढऱ्या कागदावर नुसती करडी रेघ, दुसऱ्या दिवसाचं गुलाबी, शेजारी शेजारी. ज्याला कळायचं त्याला बरोब्बर कळतं. ज्याला कळत नाही त्याला ते नुसतं फूल वाटतं, त्यालाही हरकत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पुरुष अवघडतात हे खरं आहे. कार्ड हातात दिलं, सगळे तोंडाकडे बघतायत, आत लिहिलंय 'तुम्ही आमचे आधारवड आहात', आता या माणसानं करायचं काय? बायका एकमेकींना मिठी मारतात, डोळे पुसतात, "अय्या कसं केलंस" म्हणतात. त्याला यातलं काहीच शिकवलेलं नाही. तो "छान आहे" म्हणतो, घडी करतो आणि खिशात घालतो. आणि आपण म्हणतो, बघा, यांना काही नसतं. दोष कार्डाचा आहे. ज्याला हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही असं काहीतरी आपण त्याच्या हातात देतो. आधारवड म्हणे! वडाच्या झाडानं काय उत्तर द्यायचं?

त्यापेक्षा त्याला माहीत असलेलं काहीतरी लिहा. खरं, तपासता येईल असं. हे मला कळलं ते मागच्या वर्षी, मोठ्या बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला.

मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. एक्क्याऐंशीवं लागलं. उभी नोकरी एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये. कापूस पिंजून, सरकी वेगळी होऊन, रुई दाबून गाठ बांधली की तिच्यावर मार्का घालायचं काम त्यांच्याकडे होतं. प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक हवा असा कायदाच होता, १९२५ सालचा. पत्र्यात अक्षरं-आकडे कापलेले साचे असायचे. साचा बारदानावर दाबायचा आणि काळ्या शाईची कुची फिरवायची. हंगामात दिवसाला किती गाठी त्यांच्या हाताखालून जायच्या कोण जाणे. १९७२ ला एकाधिकार खरेदी आली तेव्हाचे बैलगाड्यांच्या रांगांचे किस्से त्यांच्या तोंडून आम्ही शंभरदा ऐकलेत. म्हणजे, ऐकले होते. मोठी आई गेल्यापासून ते फारसं बोलत नाहीत. जेवलात का, हो. झोप लागली का, हो. टीव्हीसमोर बसतात, टीव्ही बंद असला तरी बसतात.

कार्यक्रमासाठी शाल होतीच (चौथ्या सत्काराची नव्हे, नवी). मी म्हटलं, कार्ड मी करते. वहिनी म्हणाली, "त्यांना कुठे दिसतंय आता? उगाच मेहनत." तरी केलं. बारदानाचा तळहाताएवढा तुकडा घेतला, त्यावर तपकिरी पॅड थोपटलं आणि कागदावर दाबला. विणीचे उभे-आडवे धागे झकास उठले. जुन्या एक्स-रेच्या फिल्ममध्ये साचा कापला. घरात म्हातारी माणसं असली की एक्स-रेना तोटा नसतो. 'गाठ नंबर ८१.' साच्यात १ आकडा त्रास देतो, डोक्यातल्या गोलाचा मधला तुकडा सुटून पडतो, त्याला दोन बाजूंनी बारीक सांधा ठेवावा लागतो. मग स्पंजनं काळी शाई. आत काहीच लिहिलं नाही. फक्त नाव, तारीख आणि 'अकोला'.

कार्यक्रमात नाही दिलं. सगळे जेवून पांगले, दुपारी ते पलंगावर बसले होते, तेव्हा दिलं.

त्यांनी भिंग मागवलं. बराच वेळ बघत होते. बारदानाच्या विणीवरून बोट फिरवलं, उचलून खिडकीकडे धरलं. मला वाटलं, आता "छान आहे" म्हणतील आणि खिशात जाईल.

"कुची लय ओली होती तुही," मोठे बाबा म्हणाले.

मी म्हटलं, कुची नाही हो, स्पंज.

"तेच ते. शाई साच्याखाली गेली. हे पाय, आठाच्या पायाशी. आधी कुची झटकाची, मंग बारदानावर एकडाव मारून पाहाची, मंग गाठीले लावाची." आणि मग थोडं थांबून, "अन् वजन? वजन कावून नाई टाकलं? बिनावजनाची गाठ गाडीत चढते का?"

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत दारात येऊन उभी राहिली. कितीतरी महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते. मी विचारलं, किती टाकू? गाठ तर एकशे सत्तर किलोची असते ना? तर म्हणाले, "ते रुईच्या गाठीचं." खिशातून बॉलपेन काढलं आणि माझ्या हातकागदावर, मी एवढी जपून मोकळी ठेवलेली जागा अचूक हेरून, थरथरत्या अक्षरात लिहिलं, वजन ५२ किलो.

मग पुढचा तासभर मार्क्यांचं पुराण. कोणत्या प्रेसचा साचा कसा होता, पावसाळ्यात शाई कशी फुटायची, मुंबईला गेलेली एक गाठ नंबर चुकला म्हणून कशी परत आली होती. आता सरकारी खरेदीच्या गाठींना क्यूआर कोडची चिठ्ठी लागते हे मी सांगितलं तर त्यांनी त्या चिठ्ठीचा पार निकाल लावला. चहा दोनदा झाला.

निघताना चपला घालत होते तर आतून हाक आली. "असं आखीन एक हाय का वं तुह्याजवळ?"

म्हटलं, करून देते, कोणाला हवंय?

तर अकोटला त्यांचा जुना सोबती आहे, वजनकाट्यावर होता, आता गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही. त्याला पोस्टानं पाठवायचं होतं.

"त्याले एकोणऐंशी नंबर टाक," मोठे बाबा म्हणाले. "वजनाची जागा मोकळी ठेव, त्याचं तो लिहीन. अन् कुची कोरडी ठेवजो."